आईचं अर्धं, बाबांचं अर्धं: मुलीला असं नाव ठेवू का?

प्रश्न: ताई, आमची मुलगी सव्वा महिन्याची झाली. बाराव्या दिवशी बारसं करता आलं नाही, आता पुढच्या रविवारी घरीच करायचं ठरलंय. आम्ही दोघांनी मिळून एक नाव काढलंय. ह्यांच्या नावातलं पहिलं अक्षर आणि माझ्या नावातली शेवटची अक्षरं जोडून ते तयार झालं. मला फार आवडतं. पण सासूबाई म्हणतात, "हे कसलं नाव? ना देवाचं, ना राशीचं, ना त्याला काही अर्थ." नणंद म्हणते, नाव सांगायचा मान आत्याचा. तिनं मोबाइलवर पन्नास नावांची यादी पाठवली आहे. हे मधल्या मध्ये गप्प. सासूबाई वाईट नाहीत हो, माझं बाळंतपण त्यांनीच केलं. त्यांचं स्वतःचं नावही लग्नात बदललं होतं, हे आम्हाला परवा या वादात पहिल्यांदा कळलं. अशी जोडून केलेली नावं खरंच चुकीची असतात का? कृपया आमची नावं छापू नका.
एक आई, कराड

उत्तर: प्रिय मैत्रिणी,

आधी बाळाला आणि तुम्हाला मनापासून आशीर्वाद. तुमची नावं छापत नाही. पण नावांबद्दल बोलायचं तर समोर नावं हवीतच, म्हणून महाभारतातल्या नल-दमयंतीला तुमच्या जागी बसवते. त्याचं 'न' आणि तिचं 'यंती' जोडलं की 'नयंती' होतं. हे नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे, नाही, चुकीचं नाही. दोघांच्या नावांतून तिसरं नाव करण्यात अशुभ काही नाही आणि उथळही काही नाही. पण जोडलेलं प्रत्येक नाव चांगलंच असतं असंही नाही. आणि सासूबाईंच्या तिन्ही हरकतींना माझ्या मते वजन आहे, तेव्हा त्या एकेक करून बघू.

अर्थापासून सुरुवात करते, कारण मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं आणि हा प्रश्न मला पालकांनी सर्वांत जास्त वेळा विचारला. व्याकरणकार पतंजलीनं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शब्दांचे चार प्रकार सांगितले: जातीवरून, म्हणजे गाय, माणूस अशा वर्गावरून आलेले, गुणावरून आलेले, क्रियेवरून आलेले आणि चौथे यदृच्छाशब्द. यदृच्छा म्हणजे आपली इच्छा. कुणीतरी मनात आलं म्हणून ठेवलं आणि ते त्या माणसाचं झालं, असं नाव. संस्कृत शास्त्रग्रंथांत याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे 'डित्थ'. डित्थला काहीही अर्थ नाही. तरी डित्थ म्हटलं की तो माणूस वळून बघतो, आणि नावाचं काम तिथे पुरं होतं. अर्थ नसलेल्या नावाला आपल्या व्याकरणानं दोन हजार वर्षांपूर्वीच जागा करून ठेवली आहे.

दुसरीही एक गोष्ट पतंजली सांगतो. देवदत्ताला नुसतं 'दत्त' म्हटलं तरी तोच कळतो, सत्यभामेला 'भामा' म्हटलं तरी तीच. नावाचा एक तुकडा पूर्ण नावाच्या जागी उभा राहू शकतो. तुम्ही नेमकं हेच केलंय. 'न' म्हणजे आख्खा नल आणि 'यंती' म्हणजे आख्खी दमयंती. तुकडा तोडल्यानं नावाचा अपमान होत नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा.

आणि अर्थ स्पष्ट असणं हेच सगळं असतं, तर दगडू, धोंडू ही नावं आपण कशी ठेवली असती? मागची मुलं जगली नाहीत, म्हणून या बाळाकडे कुणाची, मृत्यूचीसुद्धा, नजर जाऊ नये यासाठी ठेवलेली ती नावं. त्यांत आईबापांचा जीव होता. पण तुमच्याच सातारा जिल्ह्यात 'नकुसा' हे नावही होतं. पुन्हा मुलगीच झाली, नको होती, म्हणून नकुसा. अर्थ लख्ख स्पष्ट. २०११ साली जिल्हा प्रशासनानं अशा २८० हून जास्त मुली शोधून काढल्या आणि जाहीर समारंभात त्यांना नवी नावं दिली. कितीतरी जणींनी आपलं नाव स्वतः निवडलं. या मुलींची आठवण झाली की मला वाटतं, बाळाच्या नावाबद्दल पहिला प्रश्न अर्थाचा नसावाच. ते ठेवताना ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं, हा असावा. तुमच्या मनात काय होतं ते तुमच्या पत्रातून मला कळलं.

इथे नणंदेच्या यादीबद्दल एक सावधगिरीचं बोलते. मोबाइलवरच्या याद्यांत नावापुढे जे अर्थ लिहिलेले असतात, त्यांतले बरेच कुणीतरी बसल्या बसल्या लिहिलेले असतात. 'शिवांश' म्हणजे शिवाचा अंश, हे खरं. पण कोणत्याही दोन अक्षरांना '-अंश' लावून पुढे 'सूर्याचा अंश' असं छापलेलं दिसलं तर विश्वास ठेवू नका. रवीचा अंश संस्कृतात 'रव्यंश' होईल, दुसरं काही नाही. खोट्या अर्थापेक्षा "आई-बाबांच्या नावांतून केलंय" हे खरं उत्तर मुलीला जन्मभर जास्त उपयोगी पडेल.

आता हे नवं फॅड आहे का? जुनी नावं आठवा. रामकृष्ण, हरिहर, सीताराम, उमाशंकर, लक्ष्मीनारायण. दोन नावांचं एक करण्याची आपल्याला पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. फरक इतकाच की तिथे दोन्ही नावं सबंध राहतात, तो समास. तुमच्या नावात दोन्ही नावं तुटून सांधली जातात. उलटंही झालेलं आहे, म्हणजे एका नावाचे दोन भाग. मालोजीराजांना नगरच्या शाहशरीफ पिराच्या कृपेनं मुलगे झाले अशी श्रद्धा होती, म्हणून थोरल्याचं नाव शहाजी आणि धाकट्याचं शरीफजी ठेवलं असं सांगतात. शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नाव असं एका जोडनावाच्या अर्ध्या भागातून आलेलं आहे.

तुकडे सांधून केलेली नावंही परदेशांत जुनी आहेत. वसईला किंवा गोव्यात तुम्हाला एखादी व्हनेसा भेटली असेल. हे नाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जोनाथन स्विफ्ट या इंग्रजी लेखकानं घडवलं. एस्थर व्हॅनहॉम्री नावाच्या त्याच्या मैत्रिणीच्या आडनावातलं 'व्हॅन' त्यानं पुढे घेतलं आणि एस्थरचं लाडाचं 'एसा' मागे जोडलं. आज व्हनेसा नाव ठेवणाऱ्या किती जणींना हे ठाऊक असेल? नाव रुळलं आणि सांधा बुजला. फिलिपिन्समध्ये तर लुझॉन, विसायास आणि मिंडानाव या देशाच्या तिन्ही भूभागांना जोडून मुलीला 'लुझविमिंडा' म्हणतात. आपल्याकडे केरळातल्या ख्रिस्ती घरांत आई-वडिलांची अक्षरं जोडून नाव ठेवायची पद्धत चांगली रुळलेली आहे. हिंदी सिनेमावाल्यांनी ती घरोघर पोचवली. आदित्य चोप्रा आणि राणी मुखर्जीची आदिरा २०१५ मध्ये जन्मली, मीरा आणि शाहिद कपूरची मिशा २०१६ मध्ये. पण त्यांच्या कितीतरी आधी आपल्या गल्लीतल्या बंगल्यांच्या पाट्या आणि दुकानांचे फलक नवरा-बायकोची अक्षरं जोडून लिहिले जात होते. घराला जे प्रेमानं दिलं ते लेकीला द्यायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत जास्त आवडते, ती अथेन्सची. ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनिसनं इ.स.पू. ४२३ मध्ये रंगमंचावर आणलेल्या एका प्रहसनात नवरा-बायकोचं मुलाच्या नावावरून वाजतं. बायको मोठ्या घरची, तिला नावात 'हिप्पोस' म्हणजे घोडा हवा, कारण घोडे बाळगणं हे श्रीमंतीचं लक्षण. नवरा काटकसरी, त्याला आपल्या वडिलांचं नाव चालवायचंय, ज्यात काटकसरीचा अर्थ आहे. शेवटी दोघं तडजोड करतात आणि नाव ठेवतात 'फिडिप्पिडिस'. अर्धी काटकसर, अर्धा घोडा. मुलगा मोठा होऊन घोड्यांच्या नादानं बापाला कर्जात बुडवतो. कराडात आज जे चाललंय ते अथेन्समध्ये अडीच हजार वर्षांपूर्वी चाललं होतं, हे वाचून तुम्हाला जरा हलकं वाटावं म्हणून सांगितलं.

पण त्या गोष्टीत एक तिढाही आहे, आणि माझी खरी काळजी तीच आहे. ते नाव मुलासाठी काढलेलंच नव्हतं. ते दोघांच्या भांडणाचं तहपत्र होतं. जोडलेलं नाव काढताना आपण आपल्या दोघांकडेच बघत बसतो. कुणाची किती अक्षरं आली, कुणाचं आधी आलं. ज्या माणसाला ऐंशी वर्षं ते नाव वागवायचंय ते पाळण्यात झोपलेलं असतं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याचं नाव असंच आई-वडिलांच्या चार अक्षरांची मोट बांधून केलेलं. नाव विचारलं की तो नाव सांगायचा नाही, आधी एकेक अक्षर सांगायचा. सवयच झाली होती त्याला. पाचवीतलं पोर, आणि हजेरीला त्याचं नाव येण्याआधी खाली बघायचं. आई-वडिलांचं त्याच्यावर जिवापाड प्रेम होतं, हे मी स्वतः पाहिलंय.

म्हणून माझी कसोटी एकच. तुम्हाला दोघांना अजिबात न ओळखणाऱ्या माणसासमोर ते नाव उच्चारायचं. त्याला ते नाव वाटलं पाहिजे. "हे कशाकशाचं केलंय?" असा प्रश्न त्याच्या मनात येता कामा नये. सांधा दिसला की नाव फसलं.

'नयंती' या कसोटीला लावून बघू. मी ते तुमच्यासाठी सहज जुळवलं आणि मग माझ्या लक्षात आलं की संस्कृतात तो अस्सल शब्द आहे. 'नी' म्हणजे नेणे, 'नयति' म्हणजे नेतो किंवा नेते, 'नयंती' म्हणजे नेणारी, वाट दाखवणारी. दमयंती ज्या साच्यातली त्याच साच्यातली ही. पतंजलीनं मुलाच्या नावासाठी एक नियम दिलाय: आरंभी ग, ज, द, न यांसारखा मृदू, घोष वर्ण असावा आणि मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादं अक्षर असावं. 'नयंती'त दोन्ही आहेत. मुलीच्या नावात अक्षरं विषम असावीत असं गृह्यसूत्रं, म्हणजे घरच्या संस्कारांचे जुने ग्रंथ, म्हणतात, इथे तीन आहेत. दुसऱ्या बाजूनं जोडलं असतं तर? 'दमल' झालं असतं. दमल! पोरीला शाळेत दमलीस का म्हणून विचारलं असतं. नावं तीच आणि माणसंही तीच, फक्त कुठे कापलं आणि कुठे सांधलं त्यानं सगळा फरक पडतो.

तुम्ही काढलेलं खरं नाव मी असंच चारपाच वेळा मोठ्यानं म्हणून बघितलं. सुरुवात गोड आहे, शेवटही. मधे सांध्याच्या जागी जे जोडाक्षर आलंय तिथे मात्र जीभ अडते, आणि इंग्रजी लिपीत ते लिहिलं तर तीन माणसं तीन तऱ्हांनी वाचतील. ह्यांच्या नावातलं दुसरं अक्षर घेऊन बघा, जोडाक्षर सुटतं. घरात एकजण दारात आणि एकजण परसात उभं राहून हाक मारून बघा. हाकेत जे टिकतं तेच नाव पुढे टिकतं. आणखी एक, पुढे दुसरं मूल झालं तर त्याला कोणती अक्षरं देणार, याचा विचार आत्ताच करून ठेवा. थोरलीत दोघंही मावले आणि धाकट्याला यादीतलं नाव मिळालं, तर तो एक दिवस विचारेल.

आता तुम्हाला हे नाव इतकं का आवडलंय, त्याकडे येते. आपल्याकडे मुलाच्या नावामागे वडिलांचं नाव लागायचं, मग आडनाव. आईचं कुठेच नाही. नवी नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं तिचं नवं नाव लिहायचा आणि आई-बापांनी ठेवलेलं नाव त्या दिवसापासून माहेरच्या उंबऱ्याच्या आत राहायचं. तुमच्या पिढीला लेकीच्या नावात आपली दोन अक्षरं हवीशी वाटतात याचं कारण माझ्या मते इथे आहे. तुम्ही हौसेनं करताय, पण त्या हौसेखाली फार जुनी भूक आहे. मला ती फार रास्त वाटते.

मात्र एक बदल झालाय, तो ध्यानात घ्या. महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं आहे. म्हणजे आपली काल्पनिक लेक कागदावर 'नयंती दमयंती नल' अशी येणार. मोठ्यानं वाचा. तुमच्या बाळाचंही पूर्ण नाव असंच वाचून बघा, कारण तुम्ही दोघंही तिच्या पाठीमागे ओळीनं उभे असणार आहात. तुमचं नाव तिच्या नावात कोंबलंच पाहिजे अशी सक्ती आता उरलेली नाही. त्यामुळे एखादं अक्षर सोडावं लागलं, किंवा ह्यांचं जास्त आणि तुमचं कमी आलं, तरी जीव जाळू नका. नाद चांगला होईल ते करा.

घाईही करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती तुमची झाली असेलच. नाव मात्र नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण एकदा घातलंत की नीट तपासून घाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच जन्मदाखला लागणार आहे. मराठीतली वेलांटी आणि इंग्रजीतलं स्पेलिंग कागदावर लिहून सोबत न्या, तोंडी सांगू नका.

राहिल्या सासूबाईंच्या दोन हरकती, देवाचं नाही आणि राशीचं नाही. देवाचं नाव ठेवण्यामागे किती साधी आणि सुंदर कल्पना आहे! पोराला दिवसातून शंभरदा हाक मारावी लागते, तेवढ्या वेळा देवाचं नाव तोंडात येतं. अजामिळानं मरताना मुलाला 'नारायणा' म्हणून हाक मारली आणि तो तरला, ही गोष्ट त्यांनी कीर्तनात ऐकली असणार. त्यांना नातीचं नाव जुनाट हवंय असं समजू नका. त्यांना हाकेत पुण्य हवंय.

आणि राशीचं म्हणाल तर सत्तावीस नक्षत्रांचे चार चार चरण, एकशे आठ अक्षरं. त्यांत हस्त नक्षत्राला पू, ष, ण, ठ ही अक्षरं येतात आणि आर्द्रेला कू, घ, ङ, छ. 'ण' किंवा 'ङ'नं सुरू होणारं नाव कुणी ठेवलेलं ऐकलंय का? म्हणूनच आपल्याकडे नावरस, म्हणजे जन्मनक्षत्राच्या अक्षराचं, नाव वेगळं आणि हाक मारायचं नाव वेगळं, ही सोय मुळातच आहे. शास्त्रानं बारशाला चार नावं सांगितली आहेत. कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि चौथं व्यवहाराचं. मासनाम तर विष्णूच्या बारा नावांपैकीच असतं. सासूबाईंना हवं ते सगळं, देवही आणि रासही, पहिल्या तीन नावांत येतंय. तुमचं नाव चौथं. भांडायला जागाच नाही. गुरुजींना आधी फोन करून सांगा की चारही नावं घ्यायची आहेत. आणि कानात "कुर्रर्र" करून नाव सांगायचा मान आत्याचाच. नाव काढायचा मान तुम्हा दोघांचा. नणंदेला तुम्ही स्वतः फोन करा, नाव पहिलं तिला सांगा, तिच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. पाठीत धपाटे खायला तिला यावंच लागेल.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी बराच वेळ थांबले होते. सासूबाईंचं माहेरचं नाव घरात कुणालाही माहीत नव्हतं, आणि ते या वादात बाहेर आलं. मुलगा तिशीचा झाला तरी त्याला आईचं पहिलं नाव ठाऊक नाही! ते त्यांनी नेमकं आत्ताच का सांगितलं असेल? मला वाटतं, त्या तुमच्या विरुद्ध बोलत नव्हत्या. घरात नावाचा विषय निघाला आणि त्यांनाही एक नाव होतं हे त्यांच्या तोंडून निघून गेलं. रविवारच्या आधी एखाद्या दुपारी बाळ झोपल्यावर त्यांच्याजवळ बसा. ते नाव कुणी ठेवलं होतं, कुणाचं होतं, माहेरी अजून त्या नावानं हाक मारणारं कुणी आहे का, विचारा. आणि मग विचारा की घरात बाळाला लाडानं त्या नावानं हाक मारली तर चालेल का. त्या नको म्हणाल्या तर तो विषय तिथेच सोडा. हो म्हणाल्या तर बारशाला तांदळात ती चार नावं लिहून झाली की अंगठी त्यांच्या हातात द्या आणि पाचवं नाव त्यांना लिहू द्या. ताट जरा मोठं घ्या.

तुमची ताई